काचेखालचे लाकूड

दिल्लीत बोट क्लब नावाची एक जागा आहे. इंडिया गेटजवळच्या हिरवळीवरील ही जागा साऱ्या देशाला ठाऊक झाली, ती मात्र नौकाविहारामुळे नव्हे, तर सभा-मोर्चांमुळे. १९८८ च्या ऑक्टोबरात महेंद्रसिंह टिकैत यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी ठाण मांडून बसले, ते येथेच. ज्या शहरात 'बोट' हा शब्द उच्चारला की माणसांना व्याख्यानपीठ आठवते, त्या शहरात राहणाऱ्या एखाद्याने होडीच्या डेकविषयी बोलावयास बसावे, याचे श्रोत्यांना नवल वाटल्यास त्यात वावगे काही नाही.

परंतु नदी आपले अस्तित्व केव्हा ना केव्हा जाणवून देतेच. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली. १९७८ च्या महापुरातील २०७.४९ मीटर हा तोवरचा उच्चांक होता. लाल किल्ल्यामागचा रस्ता पाण्याखाली गेला आणि जेथे एरवी मोटारींची रीघ लागते, तेथून माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. अशा वेळी होडी ही हौसेची वस्तू राहत नाही. आपण जिच्यावर पाय ठेवतो, ती फळी आपले वजन पेलील की नाही, हा एकच प्रश्न त्या क्षणी खरा असतो. आजचे हे भाषण त्या एका फळीविषयी आहे.

माझे एक मराठी स्नेही सैन्यातून निवृत्त होऊन दिल्लीतच स्थायिक झाले. त्यांना शिडाच्या होडीचा नाद. प्लायवूडची बांधलेली त्यांची तेरा फुटी होडी हरियाणातील एका तलावावर असे. तिच्या नाळेकडील डेकचा तक्ता जुना झाला, म्हणून त्यांनी तो एका कारागिराकडून बदलून घेतला. नवा तक्ता दिसावयास मोठा सुरेख होता. प्लायवूडवर काचतंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा, थर चढविलेला आणि त्यावर गडद निळा रंग. तोंड पाहून घ्यावे अशी चकाकी. दोन पावसाळे गेले. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांची चौदा वर्षांची नात नाळेवरची दोरी सोडविण्यासाठी त्या डेकवर उभी राहिली आणि तक्ता ओल्या पुठ्ठ्याप्रमाणे, आवाजही न करता, खचला. मुलीचा पाय मांडीपर्यंत आत गेला. फाटलेल्या काचेच्या कडेने पोटरी सोलून निघाली. अंगात तरंगते जाकीट होते, काठ जवळ होता, निभावले. पण त्या दिवसापासून तिने होडीत पाऊल टाकले नाही.

मोडलेला तक्ता आम्ही घरी आणून पाहिला. वरचा रंग शाबूत, त्याखालची काचही बव्हंशी शाबूत. मधले लाकूड तेवढे नखाने उकरता येत होते. काळे, भुसभुशीत, मशेरीसारखे. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही काच लाकूड राखण्यासाठी लावली होती ना? मग हिने राखले काय?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही नवा तक्ता बांधला. ते उत्तर सांगावयाचे, तर आधी या दोन पदार्थांचा स्वभाव पाहिला पाहिजे.

लाकूड हे तंतूंचे बनलेले असते. तंतूंच्या दिशेने ते बळकट, आडव्या दिशेने दुबळे. ओल लागली की ते आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. म्हणून एकसंध फळी पावसात फुगते, उन्हात आकसते आणि शेवटी चिरते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक असे चिकटवितात, की प्रत्येक थराचे तंतू खालच्या थराशी काटकोन करतील. एकाची फुगण्याची ओढ दुसरा आवरून धरतो. थरांची संख्या नेहमी विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही तोंडांचे तंतू एकाच दिशेने राहतात आणि तक्ता वाकडा होत नाही. ही युक्ती जुनी; पण जुन्या सरसांना पाणी सोसत नसे. १९३० नंतरच्या दशकात फिनॉलच्या राळेचा, पाण्याला दाद न देणारा सरस प्लायवूडमध्ये वापरला जाऊ लागला, आणि प्लायवूडची होडी खऱ्या अर्थाने शक्य झाली.

काचेचा धागा व्यापारी प्रमाणावर काढण्याची कलाही त्याच दशकातली. काच ठिसूळ, हे आपण बालपणापासून ऐकतो. पण तिचाच केसाहून बारीक धागा काढला की तो ताण सोसण्यात लोखंडाच्या तारेशी स्पर्धा करतो. अशा धाग्यांचे कापड विणावे, त्यात द्रवरूप राळ मुरवावी आणि ती राळ घट्ट होऊ द्यावी, म्हणजे फायबरग्लास तयार होते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळई जे काम करते, तेच येथे काचेचा धागा करतो. सिमेंटच्या जागी राळ.

ब्रिटनमध्ये १९६३ च्या सुमारास 'मिरर' नावाची एक लहान होडी पुढे आली. तिचे प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडीत आणि सांध्यांवर काचेची पट्टी व राळ चढवीत. त्यामुळे सामान्य गृहस्थालाही घरी होडी बांधता येऊ लागली. आपल्याला मात्र यात अपूर्व असे काही वाटू नये. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गलबते बांधण्याची रीत कित्येक शतकांची आहे. शिवणे जुनेच, काच आणि राळ तेवढी नवी.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. लाकूड कुजते ते पाण्याने नव्हे. कुजविते ती बुरशी. तिला अन्न, हवा, ऊब आणि ओल अशा चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे लाकूडच. हवा आणि ऊब आपल्या देशात कोठेही आहे. उरली ओल. लाकडातील पाण्याचे प्रमाण शेकडा वीसच्या खाली राहिले, तर बुरशीचे काही चालत नाही. म्हणजे सारा सामना या एका ओलीशी. उघडे लाकूड पावसात भिजते, पण वारा लागला की वाळतेही. काचेखालचे लाकूड सहसा भिजत नाही. पण एकदा भिजले की वाळतही नाही. जे आवरण पाण्याला आत येऊ देत नाही, तेच आत आलेल्या पाण्याला बाहेरही जाऊ देत नाही. त्यातून पाऊस हा गोड्या पाण्याचा, आणि लाकूड कुजविण्यात गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून वरचढ, हा दर्यावर्दी लोकांचा जुना अनुभव आहे.

आपल्या घरातील लोणच्याची बरणी आठवा. दादरा घट्ट बांधलेला, वर तेलाचा थर. त्या बरणीत एकदाच ओला चमचा जावा, की वर्षाचे लोणचे गेले. आमच्या तक्त्यात ओला चमचा कोठून गेला? खिळे-पट्ट्या बसविण्यासाठी काचेतून आरपार स्क्रू मारले होते. प्रत्येक स्क्रूभोवती एक काळे वर्तुळ होते. तक्त्याच्या कडा नुसत्या रंगविल्या होत्या. त्या कडांतून थरांची उघडी तोंडे पाणी पीत राहिली. खालच्या बाजूस तर राळेचा हातही फिरविलेला नव्हता. म्हणजे काच जेथे सहज दिसावी तेथे लावली होती. पाणी जेथून येते तेथे नव्हती.

नवा तक्ता बांधताना आम्ही आरंभ केला तो लाकडाच्या निवडीपासून. दिल्लीच्या कीर्तिनगरच्या बाजारात प्लायवूडची दुकाने ओळीने आहेत आणि प्रत्येक दुकानदार आपला माल 'वॉटरप्रूफ' असल्याचे शपथेवर सांगतो. ग्राहकाने शपथ ऐकू नये, शिक्का पाहावा. याच शहरातील मानक भवनात ज्याचे मुख्य कार्यालय आहे, त्या भारतीय मानक ब्यूरोने नौकांच्या प्लायवूडसाठी आयएस ७१० हे मानक ठरविले आहे. त्यातील सरसाची परीक्षा नमुना बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. घरगुती कपाटांचा माल बहुधा आयएस ३०३ या मानकाचा असतो. तो कपाटातच शोभतो. शिक्का पाहिल्यावर तक्त्याची कड पाहावी. मधल्या थरांत पोकळ्या असतील तर तो परत करावा, कारण पोकळी म्हणजे पाण्यासाठी आधीच बांधून ठेवलेले टाके. एवढे झाल्यावर बोटाच्या पेराने तक्ता ठोकून पाहावा. मडके घेताना आपल्या आजी-पणजी जी परीक्षा करीत, तीच ही. खणखणीत वाजला तर घ्यावा, बद्द वाजला तर ठेवावा.

आम्हाला हवा असलेला तक्ता सव्वा मीटर लांब आणि मीटरभर रुंद. जाडी सहा मिलिमीटर. जाडी दुप्पट केली तर तक्त्याचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. पण वजनही दुप्पट होते, आणि नाळेकडे वाढलेले वजन होडीला मानवत नाही. म्हणून जाडी न वाढविता खाली तीन आडव्या पट्ट्या दिल्या आणि त्यांना मध्ये किंचित उंचवटा ठेवला. डेक सपाट नसावा, कासवाच्या पाठीसारखा थोडा फुगीर असावा. त्याने पाणी निथळते आणि तक्त्याला बळही येते. कडांची तीक्ष्ण धार रंध्याने मोडून गोल केली, कारण काचेचे कापड काटकोनात वळत नाही; तेथे ते उचलले जाते आणि खाली हवा राहते.

मग छिद्रे. या कामाचे मर्म येथे आहे. स्क्रू पाच मिलिमीटरचा असेल, तर छिद्र दहा-बारा मिलिमीटरचे पाडावे. ते राळेत भुकटी कालवून केलेल्या घट्ट लांबीने पुरते भरावे. लांबी दगडासारखी झाली की तिच्या मधोमध पाच मिलिमीटरचे नवे छिद्र पाडावे. आता स्क्रू लाकडातून जात नाही, राळेच्या नळीतून जातो. पुढे कधी त्याच्या कडेने पाणी झिरपले, तरी ते नळीतच राहते. लाकडाला त्याचा स्पर्श होत नाही. अशी सोळा छिद्रे होती. एकेका छिद्रास दोनदा हात लावावयाचा, मध्ये एक दिवस थांबावयाचे. कारागिराने हे का टाळले असेल, ते आम्हाला तेव्हा कळले. पैसे घेऊन काम करणाऱ्यास न दिसणाऱ्या गोष्टीसाठी एक दिवस थांबणे परवडत नाही. आणि गिऱ्हाइकही त्या दिवसाचे मोल देत नाही, कारण त्याला तो दिवस दिसत नाही.

राळ दोन प्रकारची मिळते. पॉलिएस्टर स्वस्त, पण लाकडाशी तिचे नाते वरवरचे असते आणि काही वर्षांत ती पापुद्र्यासारखी सुटू लागते. इपॉक्सी महाग, पण लाकडाला घट्ट धरून राहते. इपॉक्सीत राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य यांचे प्रमाण ठरलेले असते. कोणात दहास एक, कोणात दोनास एक. हे प्रमाण तराजूनेच साधावे. लवकर वाळावे म्हणून दुसरे द्रव्य सढळ हाताने घालू नये. त्याने राळ लवकर वाळत तर नाहीच, उलट कायमची चिकट राहते. एकदम मोठे भांडेभर कालवूनही ठेवू नये. या संयोगात उष्णता निर्माण होते. खोल भांड्यात ती कोंडते आणि राळ धुमसू लागते. हातात मोजे अवश्य असावेत. इपॉक्सीची एकदा त्वचेला बाधा जडली, की पुढे नुसत्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठतात.

दिल्लीचे हवामान या कामात फार नखरेल. जानेवारीच्या धुक्यात राळ घट्ट होता होत नाही. मे-जूनमध्ये ती भांड्यातच घट्ट होते. शिवाय संध्याकाळी आंधी उठली की ओल्या राळेवर राजस्थानची धूळ येऊन बसते. पावसाळ्याच्या दमट हवेत राळेवर मेणासारखी साय धरते. ती पाण्याने धुऊन काढल्याखेरीज पुढचा हात बसत नाही. होळीच्या मागचे-पुढचे दिवस आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, एवढेच काय ते योग्य. त्यातही काम दुपार उतरल्यावर करावे. सकाळी लावलेली राळ ऊन चढू लागले की बुडबुडे धरते, कारण लाकडातील हवा तापून बाहेर येते. संध्याकाळी लाकूड निवू लागते. आतली हवा आकसते आणि राळ आपोआप आत ओढली जाते.

आम्ही मार्चमधील एका संध्याकाळी प्रथम नुसत्या राळेचा हात सर्व अंगांना दिला: वर, खाली आणि कडांना तर तीनदा. कडा पाणी पितात तशी राळही पितात. त्यांची तहान आधी राळेने भागविली, तर पाण्यासाठी ती उरत नाही. दुसऱ्या दिवशी काचकागदाने पृष्ठभाग खरखरीत केला. मग चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचे काचेचे कापड पसरले, मधून कडांकडे हाताने सुरकुती काढली आणि रबरी पट्टीने राळ मुरविली. पांढरे कापड राळ पिताच दिसेनासे होते आणि खालचे लाकूड स्वच्छ दिसू लागते. जेथे पांढरा डाग राहील, तेथे कापड तहानलेले आहे असे समजावे. पण राळेचे तळेही साचू देऊ नये. कापड तिच्यावर तरंगते आणि लाकडाला बिलगत नाही. एक थर खालच्या अंगालाही दिला. पुष्कळांना हा खर्च वायफळ वाटतो. परंतु माणूस वर उभा राहिला, की तक्त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. आणि ताण सोसणे हेच तर काचेचे काम. वरची काच झीज सोसते, खालची काच वजन सोसते.

शेवटी रंग. इपॉक्सी पाण्याला भीत नाही, पण उन्हापुढे हार मानते; म्हणून तिच्यावर रंगाचे छत्र हवेच. ते पांढरे किंवा फिकट असावे. दिल्लीच्या मे महिन्यात गडद रंगाचा पृष्ठभाग इतका तापतो, की साध्या हवेत घट्ट झालेली राळ पुन्हा नरम पडू लागते. जुन्या तक्त्याची ती निळी शोभा त्याच्या आणखी एका दोषाचे झाकण होते. ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरली, म्हणजे ओला पायही घसरत नाही.

हे सारे तलावावरच्या एका तेरा फुटी होडीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा गोव्याकडे पाहावे. संपूर्णपणे शिडाच्या बळावर एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी उचलून धरली. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. नवी दिल्लीच्या नौदल मुख्यालयाने ती मान्य केली, आणि त्यासाठी मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी छप्पन्न फुटी 'म्हादेई' बांधली. आराखडा डच, पण बांधणीचे तत्त्व आपल्या या तक्त्याचेच, म्हणजे मध्ये लाकूड आणि त्यावर काच व इपॉक्सी यांचे कवच. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे १ नोव्हेंबर २०१२ रोजी अभिलाष टॉमी तीच नौका घेऊन निघाले आणि कोठेही न थांबता मार्च २०१३ च्या अखेरीस मुंबईस पोहोचले. दक्षिण महासागरातील लाटांना नौकेची चकाकी दिसत नाही. त्या कच्चे छिद्र तेवढे शोधीत असतात. दिवाडीच्या बेटावर ज्या कोणी एकेक छिद्र निगुतीने भरले असेल, त्याची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्या दोघा दर्यावर्दींचा जीव महिनोन्महिने त्या अज्ञात हातांच्या हवाली होता.

आमचा तक्ता तयार झाला. तो ज्या मुलीसाठी केला, तिचा मात्र त्यावर विश्वास नव्हता. तिने त्यावर पेराने ठोकून पाहिले आणि विचारले, "आजोबा, आधीचाही असाच चकचकीत होता. आतून हा चांगला आहे हे कसे कळणार?" प्रश्न बिनतोड होता. आजोबांनी तक्त्याचा एक उरलेला तुकडा घेतला. त्याला तसेच काचेचे आवरण दिले, कडा तशाच राळेने भरल्या आणि दोन स्क्रू बसविले: एक राळेच्या नळीतून, दुसरा सरळ लाकडातून. तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला. "दिवाळीपर्यंत राहू दे," ते म्हणाले. "तोवर तू होडीत बसू नकोस. मीही बसणार नाही."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ऑक्टोबरात त्या मुलीने स्वतःच्या हाताने करवत घेऊन दोन्ही स्क्रूंमधून तो तुकडा कापला. एका स्क्रूभोवती रुपयाएवढे काळे वर्तुळ पसरले होते. दुसऱ्याभोवतीचे लाकूड कीर्तिनगरहून आणले त्या दिवसाइतके गोरे आणि कोरडे होते. तिने दोन्ही अर्धुके उजेडात धरून नीट निरखली. मग आजोबांना म्हणाली, "नाळेवरची दोरी मी सोडीन."